डोळ्याच्या पडद्याचा फोटो घेणारा कॅमेरा: नमुना यंत्राचा आराखडा आणि बांधणी

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारे बदल वेळेत दिसले, तर दृष्टी वाचवता येते. ते बदल टिपणाऱ्या यंत्राला फंडस कॅमेरा म्हणतात. बंगळुरूच्या फोरस हेल्थचा थ्रीनेत्र किंवा रेमिडिओचा फोनवर बसणारा कॅमेरा ही अशीच तयार यंत्रं. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, नेत्रविभागातले तंत्रज्ञ आणि छोट्या प्रयोगशाळांना स्वतःचा नमुना बांधायचा असेल, तर २० डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं एकक) भिंग, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसतं ‘पाय’) आणि त्याचा एचक्यू कॅमेरा एवढ्या सामग्रीतून चांगला पाया तयार होतो. इथे दिलेला आराखडा प्रयोगशाळेतल्या नमुन्याचा आहे. नकली डोळा आणि प्रकाशाची मोजणी या दोन्ही पायऱ्या पूर्ण झाल्याशिवाय तो कोणाच्याही डोळ्यासमोर धरू नका, स्वतःच्यासुद्धा नाही.

आधी बाहुलीचा हिशोब

असे बहुतेक प्रकल्प कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपासून सुरू होतात आणि तिथेच फसतात. खरी अडचण बाहुलीची आहे. पडद्यावर प्रकाश जाणार तो बाहुलीतून आणि परत येणार तोही बाहुलीतूनच. पण कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर, पडलेल्या प्रकाशाचे साधारण अडीच टक्के पृष्ठभागावरूनच परततात, आणि ते पडद्याकडून येणाऱ्या उजेडापेक्षा कितीतरी प्रखर असतात. जाण्याची आणि येण्याची वाट एकच ठेवली, तर फोटोत फक्त पांढरा डाग येतो. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये पडदा पाहण्याचं उपकरण दाखवलं. बाहुलीचा एक भाग प्रकाशाला आणि दुसरा पाहण्याला, अशी वाटणी करून परावर्तन टाळण्याचं शास्त्र पुढे अलव्हार गुलस्ट्रँडने पक्कं केलं. डोळ्याच्या प्रकाशशास्त्रावरच्या कामासाठी त्याला १९११ चं नोबेल मिळालं. आजचे बहुतेक फंडस कॅमेरे ही वाटणी पाळतात.

आता आकडे मांडू. २० डायॉप्टर म्हणजे ५० मिमी नाभीय अंतर. भिंगाचा व्यास ५० मिमी. कॅमेऱ्याचं छिद्र भिंगापासून ३०० मिमीवर ठेवलं, तर भिंगाच्या सूत्राप्रमाणे बाहुली भिंगापासून ६० मिमीवर हवी. तेव्हा बाहुली आणि कॅमेऱ्याचं छिद्र एकमेकांच्या प्रतिमा होतात आणि त्यांचं प्रमाण ३०० भागिले ६०, म्हणजे ५ पट. बाहुलीतला १ मिमी कॅमेऱ्यापाशी ५ मिमी होतो. पुढची सगळी मापं या पाचाच्या आकड्यावर बेतायची आहेत.

६० मिमीवरून ५० मिमीचं भिंग सुमारे ४५ अंशांचं क्षेत्र देतं. पडद्याची उलटी प्रतिमा भिंगापासून ५० मिमीवर हवेत तयार होते. तिचा व्यास सुमारे ४२ मिमी. कॅमेऱ्याने फोकस करायचं ते या प्रतिमेवर, म्हणजे २५० मिमी अंतरावर.

कॅमेरा आणि त्याची लेन्स

फोनचा साधा मुख्य कॅमेरा २५० मिमीवरून ही ४२ मिमीची प्रतिमा पाहतो, तेव्हा ४००० पिक्सेल रुंदीपैकी जेमतेम ५०० पिक्सेल कामी येतात. म्हणजे अंशाला ११. सूक्ष्म रक्तवाहिन्यांवरचे बारीक फुगवटे यात हरवतात. पायच्या छोट्या व्ही-२ कॅमेऱ्याचीही हीच गत होते.

एचक्यू कॅमेऱ्याचा सेन्सर ६.२९ × ४.७१ मिमी, ४०५६ × ३०४० पिक्सेलचा. त्यावर २५ मिमी नाभीय अंतराची सी-माउंट (आट्यांच्या प्रमाणित जोडणीची) लेन्स लावली, की ४२ मिमीची प्रतिमा सेन्सरवर ४.६ मिमीची पडते आणि उंची जवळपास पूर्ण भरते. अंशाला साठाच्या वर पिक्सेल. १६ मिमीच्या लेन्सने अंशाला चाळीस येतात, पण कडेला भरपूर जागा उरते, म्हणून जुळवणी सोपी जाते. पहिल्या नमुन्याला १६ आणि मापं पक्की झाल्यावर २५, हा क्रम योग्य. पुढचे आकडे २५ मिमीचे आहेत.

छिद्र एफ/४ ठेवा. २५ भागिले ४ म्हणजे ६.२५ मिमी, बाहुलीत १.२५ मिमी. एवढ्या छिद्रातून हिरव्या प्रकाशात विवर्तनाची (छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याची) मर्यादा साधारण ०.०३ अंश, म्हणजे पडद्यावर ९ मायक्रॉन. साठ पिक्सेल अंशाला नेमके इथवर पोचतात. म्हणून याहून मोठ्या सेन्सरवर पैसे घालवणं व्यर्थ आहे. बाहुलीतली जागा वाढवल्याशिवाय तपशील वाढत नाही.

लेन्स २२५ ते २७५ मिमी या पट्ट्यात फोकस व्हायला हवी. याचं कारण चष्म्याचा नंबर. दर डायॉप्टरमागे हवेतली प्रतिमा २.५ मिमी सरकते. मायनस नंबर असेल तर ती भिंगाच्या जवळ, म्हणजे कॅमेऱ्यापासून लांब जाते. प्लस असेल तर उलट. ±१० डायॉप्टर सांभाळायचे तर ±२५ मिमी लागतात. बऱ्याच सी-माउंट लेन्स ३०० मिमीच्या आत फोकस होत नाहीत. मग कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये साधारण २ मिमीचं रिंग घालावं लागतं. एफ/४ ला फोकसची मोकळीक अर्ध्या डायॉप्टरपेक्षाही कमी असते, त्यामुळे फोकसचं चाक सैल किंवा झटके देणारं नको.

प्रकाशाची वाट

पांढरा एलईडी ४००० केल्विनच्या आसपासचा घ्या. ६५०० केल्विनच्या दुधी-निळ्या एलईडीत निळा भाग जास्त असतो. तो पडद्याला घातक आणि चित्रात धुकंही वाढवणारा. त्याच्या अगदी शेजारी ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी बसवा आणि दोघांच्या पुढे ३ मिमीचं गोल छिद्र ठेवा. या छिद्राची प्रतिमा बाहुलीत ०.६ मिमीची होते.

लेन्सचं नळकांडं ३० मिमीच्या आसपास जाड असतं, त्यामुळे एलईडी थेट शेजारी बसत नाही. छोटा आरसा वापरा: पुढच्या पृष्ठभागावर मुलामा असलेला, साधारण १० × १२ मिमी. मागच्या बाजूला मुलामा असलेला घरगुती आरसा दुहेरी प्रतिमा देतो. लेन्सचं छिद्र पुढून जिथे दिसतं, त्या पातळीच्या ३० मिमी पुढे हा आरसा ४५ अंशांत बसवा. त्याची आतली कडा अक्षापासून ६ मिमीवर. याहून आत आणली तर कॅमेऱ्याच्या चित्राचा कडेचा भाग कापला जातो. एलईडीचं छिद्र आरशापासून ३० मिमीवर, असं की आरशात पाहिलं तर ते अक्षापासून ११ मिमीवर आणि लेन्सच्या छिद्राच्याच पातळीत भासेल.

बाहुलीत याचं काय होतं ते पाहा. कॅमेऱ्याला १.२५ मिमी, मध्ये मोकळी पट्टी १.२८ मिमी, प्रकाशाला ०.६ मिमी. बेरीज ३.१ मिमी. अंधारात ४ मिमी उघडलेल्या बाहुलीत हे बसतं, पण जुळवणीच्या चुकीला दोन्ही बाजूंना अर्धा मिमीसुद्धा उरत नाही. वयस्क आणि मधुमेही रुग्णांची बाहुली अनेकदा ३ मिमीच्या वर जातच नाही. तिथे थेंब घालून बाहुली मोठी करण्याचा निर्णय डॉक्टरांचा.

अर्धपारदर्शक आरसा वापरून सगळं एका अक्षावर आणायचा मोह होतो. त्यात निम्म्याहून जास्त प्रकाश वाया जातो, दोन पृष्ठभागांची भुतं (नको असलेल्या पुसट प्रतिमा) चित्रात येतात आणि ज्या वाटणीसाठी हा खटाटोप, तीच मोडते.

२० डायॉप्टरच्या भिंगाचे दोन पृष्ठभाग एलईडीची दोन प्रतिबिंबं कॅमेऱ्याला दाखवतात. उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. भिंग ३ ते ४ अंश तिरकं बसवा. याहून जास्त तिरकं केलं तर कडेच्या रक्तवाहिन्या एका दिशेला लांबट दिसतात. दुसरं, एलईडीच्या वाटेत रेषीय पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवण झालेला प्रकाश सोडणारी फिल्म) आणि कॅमेऱ्यापुढे त्याला काटकोनात दुसरा. भिंगावरून आणि कॉर्नियावरून परतलेला प्रकाश ध्रुवण टिकवतो, तो अडतो. पडद्यातून विखुरलेला प्रकाश ते बऱ्याच अंशी गमावतो, त्याचा काही भाग पार होतो. यात उजेडाची मोठी कपात होते, ती गृहीत धरूनच गेन (कॅमेऱ्याने सिग्नल किती पट वाढवायचा ते) ठरवा. इथे दोन चुका हमखास होतात. एलईडीवर मंद डिफ्यूजर (प्रकाश पसरवणारा पापुद्रा) लावत असाल, तर पोलरायझर त्याच्या पुढे हवा. मागे लावला तर डिफ्यूजर ध्रुवण मोडून टाकतो. शिवाय ४५ अंशातला आरसा तिरप्या ध्रुवणाची घडी बिघडवतो, म्हणून पोलरायझर आरशानंतर लावा. साध्या प्लॅस्टिकच्या पोलरायझर फिल्म ८५० नॅनोमीटरला गळतात, त्यामुळे जुळवणीच्या वेळी इन्फ्रारेड चित्रात ठिपके दिसतील. पांढऱ्या प्रकाशात ते जायला हवेत.

भिंगाची दिशाही पाहा. व्होल्क कंपनीच्या भिंगावर चंदेरी कडा असते ती रुग्णाकडे. उलटं बसवलं तर कडेचं चित्र बिघडतं.

नळी आणि पेटी

थ्रीडी प्रिंटरवर काळ्या पीएलए प्लॅस्टिकमध्ये नळी निघते, पण काळं पीएलए तिरक्या प्रकाशात चकाकतं. आत काळा मखमली कागद चिकटवा आणि दर ५० मिमीवर अक्षाच्या दिशेने निमुळती होत जाणाऱ्या शंकूच्या मापाची कडी ठेवा. एक गोष्ट आवर्जून तपासा: डोळ्याला काळे दिसणारे अनेक कापड आणि प्लॅस्टिक ८५० नॅनोमीटरला पांढरेशुभ्र दिसतात. चिकटवण्याआधी तुकडा इन्फ्रारेड एलईडीखाली कॅमेऱ्याने बघा.

पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. विदर्भात मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली नळी वाकते आणि ३०० मिमीचं माप बिघडतं. शिबिरांना न्यायचं यंत्र पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये छापा. डोळ्याकडचा रबरी कप असा कापा की पापणी टेकली असता बाहुली भिंगापासून ६० मिमीवर येईल. पुढे-मागे ५ मिमीची सरक ठेवा, कारण खोल डोळे आणि उंच गाल यांचा फरक तेवढा पडतो.

वीज: झोत थांबलाच पाहिजे

इन्फ्रारेडमध्ये जुळवणी करायची, कारण त्याला बाहुली आकुंचत नाही. मग पांढरा झोत. उजेड पडल्यापासून बाहुली मिटायला लागेपर्यंत साधारण २०० मिलिसेकंद मिळतात. झोत १५० मिलिसेकंदांचा ठेवा आणि तेवढ्यात चित्र घ्या.

सॉफ्टवेअर अडकलं तरी झोत बंद व्हावा, यासाठी वेळ मोजण्याचं काम सर्किटकडे द्या. टीएलसी ५५५ ही टायमर आयसी मोनोस्टेबल पद्धतीने (एका इशाऱ्याला ठरलेल्या वेळेचा एकच झोत) लावा: १८० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड, वेळ १.१ × आर × सी, म्हणजे १९८ मिलिसेकंद. ही वरची हद्द. १५० ला पायने रीसेट पिन खाली ओढायची. ५५५ ची ट्रिगर पिन खालीच राहिली तर वेळ संपल्यावरही आउटपुट चालू राहतं, आणि अडकलेला प्रोग्राम नेमकं तेच करतो. म्हणून ट्रिगर १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून द्या, पिनवर १० किलोओहमचा पुलअप, आणि त्या पिनपासून पुरवठ्याकडे १एन४१४८ डायोड, नाहीतर परतीच्या उडीत पिनवर दुप्पट व्होल्टेज येतं.

इथे आयसीचा पुरवठा ३.३ व्होल्टच ठेवा. ५ व्होल्ट दिला तर ट्रिगरची पातळी १.६७ होते, आणि पायची ३.३ व्होल्टची उडी पिनला ५ वरून १.७ पर्यंतच आणते. मग झोत कधी पडतो, कधी नाही, आणि दोष शोधण्यात दिवस जातात. ३.३ वर पातळी १.१ असते आणि उडी शून्यापर्यंत पोचते. ट्रिगरसाठी पायची जीपीआयओ ५ किंवा ६ ही पिन वापरा. पाय सुरू होताना या पिना मुळातच वर असतात.

एलईडी चालू-बंद करायला एओ ३४०० मॉसफेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर). आयआरएफ ५४० इथे चालत नाही, ३.३ व्होल्टला तो नीट उघडत नाही. गेटपासून ग्राउंडकडे १० किलोओहम. ५ व्होल्टवर ३५० मिलिअँपिअरसाठी, एलईडीवर ३.२ व्होल्ट धरले तर, ५.१ ओहम आणि किमान १ वॉटचा रोधक. नमुना पॉवर बँकेवर चालवा, रुग्णाच्या संपर्कातल्या यंत्राला साधा चार्जर जोडू नका.

सॉफ्टवेअरमधले तीन निर्णय

एचक्यू कॅमेऱ्याचा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. पूर्ण रिझोल्यूशनला सेकंदाला १० चित्रं मिळतात, म्हणजे एक वाचायला सुमारे १०० मिलिसेकंद; झोत मध्येच संपला तर चित्रात काळा पट्टा येतो. २०२८ × १५२० च्या मोडमध्ये सेकंदाला ४० मिळतात. १५० मिलिसेकंदांत पाच-सहा चित्रं हाती लागतात, पहिलं बहुधा अर्धवट. उरलेल्यांतलं सर्वांत तीक्ष्ण ठेवा. अंशाला पिक्सेल निम्मे होऊन तेहेतीसच्या आसपास येतात. चाळणी तपासणीच्या नमुन्यासाठी ही तडजोड योग्य आहे.

ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स दोन्ही बंद. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांपासून सुरू करा. पडदा लाल जास्त परततो म्हणून लाल चॅनेल आधी फुटतो, म्हणजे कमाल पातळीला पोचून तपशील गमावतो. ऑप्टिक डिस्कवर (डोळ्याची नस पडद्याला मिळते त्या फिकट चकतीवर) लाल २५५ पैकी २३० च्या वर जाणार नाही असा गेन ठेवा. रक्तवाहिन्या आणि रक्ताचे ठिपके हिरव्या चॅनेलमध्ये सर्वांत ठळक दिसतात, म्हणून तीक्ष्णता हिरव्यावरच मोजा. आपल्याकडच्या डोळ्यांच्या पडद्यावर रंगद्रव्य जास्त, त्यामुळे गोऱ्या लोकांवर ठरवलेले आकडे इथे काळपट चित्र देतात.

आणि चित्र १८० अंश फिरवा. फक्त आडवं किंवा फक्त उभं उलटवलं तर उजवा डोळा डावा होतो. बरोबर फिरवलेल्या चित्रात उजव्या डोळ्याची डिस्क उजवीकडे असते.

जुळवणी इन्फ्रारेडमध्ये होते, म्हणून एचक्यू कॅमेऱ्यातली इन्फ्रारेड रोखणारी काच काढावी लागते. ती चिकटवलेली असते, काढताना फुटू शकते, वॉरंटी जाते आणि परत बसत नाही.

नकली डोळा

२० मिमी नाभीय अंतराचं, मुलामा नसलेलं बहिर्वक्र भिंग, त्यापुढे ४ मिमीचं छिद्र, मागे नाभीवर १ मिमीच्या चौकटीचा आलेख कागद. मुलामा नको, कारण उघड्या काचेचं परावर्तन कॉर्नियासारखं त्रास देतं आणि आपल्याला तेच पाहायचं आहे. कागद एम-६ च्या स्क्रूवर बसवा: एक पूर्ण फेरा १ मिमी, म्हणजे अडीच डायॉप्टर. कागद भिंगाकडे सरकवला की प्लस नंबर, मागे नेला की मायनस. मध्यभागी पेनाने बारीक ‘अ’ लिहा. स्क्रीनवर तो सरळ वाचता आला तर फिरवणं बरोबर.

मग क्रमाने तपासा. डोळा ६० मिमीवर ठेवून कॅमेरा पुढे-मागे सरकवा. पूर्ण वर्तुळ एकसारखं उजळलं की ३०० मिमीचं खरं माप सापडलं. एका बाजूला काळी कोर आली तर डोळा आडवा सरकलेला आहे. सगळीकडून काळी कडा आली तर अंतर चुकलेलं. एका कडेला निळसर-पांढरी कोर आली तर प्रकाश बाहुलीच्या काठावर आपटतो आहे. मधोमध दोन ठिपके हे २० डायॉप्टरच्या भिंगाचे. पोलरायझर फिरवून ते सर्वांत फिके करा आणि तिथेच चिकटवा. सगळं चित्र दुधाळ असेल तर आधी भिंगावरचे बोटांचे ठसे पुसा, मग नळीत भटकणारा प्रकाश शोधा. खऱ्या डोळ्यात हेच दुधाळपण मोतीबिंदूमुळेही येतं.

इन्फ्रारेडमध्ये जुळवलेला फोकस पांढऱ्या प्रकाशात चुकतो. माणसाच्या डोळ्यात हा फरक एक डायॉप्टरच्या आसपास असतो, म्हणजे प्रतिमा सुमारे अडीच मिमी सरकते. नकली डोळ्याच्या काचेचा फरक वेगळा, त्यामुळे तिथला आकडा जसाच्या तसा वापरू नका; फोकसच्या चाकावर इन्फ्रारेड आणि पांढऱ्या प्रकाशाच्या दोन खुणा स्वतंत्रपणे करता येतील अशी सोय ठेवा.

प्रकाशाची सुरक्षितता आणि परवानगी

डोळा जिथे येणार तिथे ७ मिमीचं छिद्र आणि त्यामागे पॉवर मीटर ठेवा. एलईडी सलग चालू करून मोजा. ४५ अंशांत पडद्याचं उजळलेलं क्षेत्र सुमारे १.४ चौरस सेमी. समजा मीटरवर १ मिलिवॉट आला, तर पडद्यावर चौ. सेमीला ७०० मायक्रोवॉट. तुमच्या एलईडीच्या वर्णपटाला निळ्या प्रकाशाच्या धोक्याचं वजन लावून समजा ०.१ आलं, तर ७०. आयएसओ १५००४-२ च्या २००७ च्या आवृत्तीत गट १ (प्रकाशाचा धोका नसलेली उपकरणं) साठी ही मर्यादा चौ. सेमीला २२० मायक्रोवॉट आहे. ०.१ हा आकडा केवळ उदाहरणाचा. वर्णपट मोजूनच तो काढायचा. इन्फ्रारेडची उष्णता वेगळी मोजावी लागते. ही मोजणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घ्या, आणि जुळवणीच्या वेळी इन्फ्रारेड किती मिनिटं चालू राहतो त्याचाही हिशोब त्यांना द्या.

विजेच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०६०१-१, फंडस कॅमेऱ्याच्या कामगिरीसाठी आयएसओ १०९४०. माणसांवर चाचणी करायची तर रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि लेखी संमती लागते, नेत्रतज्ज्ञ सोबत लागतात. विक्रीसाठी बनवायचं ठरवलं तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात: अ आणि ब वर्गाच्या उपकरणांचा उत्पादन परवाना राज्याकडून, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो, क आणि ड वर्गाचा सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामक संस्थेकडून. परवान्याच्या वेळी आराखड्यातल्या प्रत्येक मापामागचं कारण आणि त्याची चाचणी कागदावर मागितली जाते, म्हणून ३०० मिमी, ११ मिमी, १९८ मिलिसेकंद असे आकडे ठरवले त्या दिवशीच तारीख घालून वहीत नोंदवा.